आंदणाचा दिवाण

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात कोणी एकट्याने फर्निचर घेत नाही. घ्यायचं एका घराला असतं आणि चपला चार घरांच्या झिजतात. एकीला लाकूड कळतं, एकीचा भाऊ पॉलिशचं काम करतो, एकीने मागच्या वर्षी फसून घेतलेलं असतं, त्यामुळे तिच्या मताला सगळ्यात जास्त वजन. गोंदियाच्या बाजारात जाताना चांगली साडी नेसायची नाही, आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही आणि नवऱ्याला गाडीजवळच उभं ठेवायचं, कारण नवरे दुसऱ्या वाक्याला ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात. हे सगळे नियम मला पाठ होते. भाव करण्यात माझा हात धरणारं गल्लीत कोणी नाही असं बायका म्हणायच्या, आणि मी ते ऐकून फुगायचे.

सोफा मलाच हवा होता, हे आधीच सांगून टाकते. सासूबाईंनी मागितला नव्हता, नवऱ्यानेही नाही. स्लॅबचं घर झालं, टाइल्स बसल्या, समोरच्या खोलीला आम्ही हॉल म्हणायला लागलो आणि त्या हॉलमध्ये माझ्या लग्नातला दिवाण. आलेल्या पाहुण्यांना त्यावर पाय लोंबकळत ठेवून बसावं लागे. शेजारच्या वहिनींकडे एल आकाराचा सोफा आला आणि मग माझ्या मनाने घेतलं. दिवाण आतल्या खोलीत जाईल, मुलगी त्यावर झोपेल, हॉलमध्ये सोफा येईल, असं मी ठरवलं आणि नवऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली. मुलीनेही लगेच दिवाणावर हक्क सांगितला. ती तेव्हा सहावीत होती.

आता दिवाणाबद्दल सांगते. केशोरीकडच्या माझ्या माहेरी, भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सागाची दोन झाडं होती. रोवणीच्या दिवसांत आई त्यातल्या एकाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, मला त्यात टाकायची आणि चिखलात उतरायची. मला हे आठवणं शक्य नाही, पण घरात इतक्यांदा सांगितलं गेलं की आठवतं असंच वाटतं. माझं लग्न बघायला आई राहिली नाही. माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा बाबांनी तो झोळीचा साग आंदणासाठी तोडायचं ठरवलं. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला परवानगी लागते. त्यासाठी त्यांनी किती हेलपाटे घातले ते त्यांनाच माहीत. फळ्या निघाल्या, घरापुढच्या सपरीत सावलीला वाळल्या, आणि लग्न ठरल्यावर गावच्या सुताराने अंगणात बसून दिवाण केला. पेटीचा दिवाण. वरची फळी उचलली की खाली घरभरच्या गोधड्या मावतील एवढी जागा. उशाकडच्या एका फळीत काळी गाठ आली होती. सुतार ती फळी बाजूला काढत होता, पण बाबांनी काढू दिली नाही. झोळीची फांदी तिथेच होती म्हणाले.

लग्नाच्या दिवशी आंदण मांडवात मांडलं होतं. भांडी, आलमारी, पंखा आणि मधोमध दिवाण. येणारे-जाणारे फळी ठोकून बघत होते. मी मान खाली घालून बसले होते, पण कान सगळे तिकडे. ‘पक्का साग आहे बा’ असं कोणी म्हटलं की मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

सोफ्यासाठी मी आणि शेजारच्या वहिनींनी बाजार पालथा घातला. एका दुकानात मी पदर खोचून सोफा उलटा करायला लावला. खाली सगळी भुशाची फळी, वर सागाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. दुकानदार म्हणाला, “भाभीजी, नीचे कौन देखता है?” मी म्हटलं, “मैं देखती हूँ.” वहिनी रस्ताभर हसत होत्या. दुसऱ्या दुकानातल्या सोफ्याची कव्हरं निघत नव्हती, म्हणजे धुवायची कशी? शेवटी एका दुकानात मनासारखा सापडला. फ्रेम खरी लाकडाची, खालचा भाग ओढला की पलंग होणारा, कापड मातकट रंगाचं. मळला तरी कळू नये असा.

पण तो दुकानदार भावात हलेना. मी ठरल्याप्रमाणे उठले, रस्त्यापर्यंत चालत गेले. हाक आली नाही. चार दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा उठले, पुन्हा हाक नाही. भाव करणाऱ्या बाईचा याहून मोठा अपमान नसतो. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “मी बोलून पाहतो एकदा.” मला हसूच आलं. ज्याला भाजीवाली दोन वांगी जास्त देत नाही, तो सोफ्याचा भाव करणार.

त्या रविवारी दुकानातला एक माणूस घरी आला. सोफा दारातून जातो का त्याचं माप घ्यायला आलोय म्हणाला. त्याने दाराला टेप लावला, मग हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसला. फळीवर बोटं वाजवली, गादी उचलून पाहिलं, खाली वाकून पाय तपासले. “भाभीजी, असली सागवान है ना?” म्हणाला. झालं. मी त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि झाडाची सगळी कथा सांगितली. कुठल्या धुऱ्यावरचं, कोणी केला, गाठ कशाची, इतक्या वर्षांत एकही सांधा कसा हलला नाही. आपल्याच वस्तूची जाहिरात मी आपल्या तोंडाने करत होते, आणि नवरा बाजूच्या खुर्चीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

पुढच्या वेळी दुकानात गेलो तर दुकानदार लोण्यासारखा मऊ. मी माझा भाव पुन्हा सांगितला, तोच, एक पैसा न वाढवता. तो थोडा वेळ कॅल्क्युलेटरशी खेळला आणि म्हणाला, “चलो भाभीजी, आपकी बात रही. आप जीती, हम हारे.” मी नवऱ्याकडे असं पाहिलं की बघा, शिका. तोही हसला. सोफा दिवाळीनंतर टेम्पोने पाठवतो, असं ठरलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी गावातल्या लेकी माहेरी येतात. दिवसा बाजार, पाळणे, भजी-जिलेबी, रात्री नाटक. मी मुलीला घेऊन गावी गेले. भावाकडे घर पाहुण्यांनी भरलं होतं. ओट्यावर आत्या, मावश्या, वहिनी सगळ्या जमल्या आणि मी सोफ्याची कथा सुरू केली. दुकानदार कसा ताठ होता, मी कशी उठून गेले, शेवटी त्याने कसे हात टेकले. दुकानदाराचा आवाजही काढून दाखवला. सगळ्या पोट धरून हसल्या. बाबा तिथेच खांबाला टेकून पान लावत होते. ते म्हणाले, “चांगलं झालं.” एवढंच. एरवी फोनवर पहिला प्रश्न असायचा, दिवाणाले वाळवी त नाही ना लागली? त्या दिवशी त्यांनी दिवाणाचं नाव काढलं नाही. तेव्हा माझ्या हे लक्षातही आलं नाही, कारण मी माझ्याच तोऱ्यात होते.

परत आलो तेव्हा सोफा हॉलमध्ये लागला होता. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू? मी हात फिरवला, बसून पाहिलं, ओढून पलंग करून पाहिला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मुलगी दप्तर ठेवायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, “आई, माझा दिवाण कुठे आहे?”

आतल्या खोलीत लोखंडी फोल्डिंग पलंग होता. कोपऱ्यात तांदळाचं एक पोतं, तोंडाला सुतळी बांधलेली. सुतळी सोडली तर आत दिवाणाच्या पेटीतलं सामान. गोधड्या, मुलीची लहानपणची झबली, आईचं एक लुगडं. सगळं कोंबलेलं.

“जुनं देलं, नवं आलं,” सासूबाई मागून म्हणाल्या. “त्याच्यात का बिघडलं वो?”

नवरा घरी येईपर्यंत मी त्या पोत्याजवळ बसून होते. आल्यावर विचारलं तर आधी हसण्यावारी न्यायला लागला. मग खरं सांगितलं. दुकानात एक्स्चेंजची सोय होती. माप घ्यायला आलेला माणूस दाराचं माप घ्यायला आला नव्हता, दिवाण पारखायला आला होता. मी गावी गेल्यावर सोफ्याचा टेम्पो आला आणि जाताना दिवाण घेऊन गेला.

“म्हणजे तो भाव मी केलाच नव्हता,” मी म्हटलं.

“अवं, तू खुश होती. कायले तुही खुशी मोडा?”

“मला विचारलं का नाही?”

“तू नाही म्हणली असती.”

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. मी नाही म्हटलं असतं हे त्याला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नव्हता. आणि आता दुकानदाराशी संगनमत करून, माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पाजून त्याने केसाने गळा कापला होता. मी त्याला हे असंच बोलले. तो म्हणाला, “घरचीच वस्तू होती. एका सोफ्यासाठी एवढा तमाशा?” सोफ्यासाठी म्हणे.

शेजारच्या वहिनींना मी दुसऱ्या दिवशी गाठलं. दिवाण भर दुपारी गल्लीतून गेला होता, त्यांच्या गेटसमोरून. मी गावी असताना त्यांनी फोन करून ‘सोफा मस्त दिसून राहिला वहिनी, मानलं तुम्हाले’ असं सांगितलं होतं, आणि दिवाणाबद्दल अक्षर नाही. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “भाऊजी म्हणाले, सरप्राइज आहे. मी कशाला मधात पडू?” म्हणजे गल्लीला माहीत होतं. मी मंडईत दुकानदाराच्या नकला करत होते तेव्हा इथे सगळे मूग गिळून बसले होते.

दुकानातही जाऊन आले. दुकानदाराने खुर्ची दिली, पाणी मागवलं. “भाभीजी, वो तो दूसरे ही दिन निकल गया. शादी का घर था.” गावाकडची माणसं होती म्हणे, ट्रॅक्टर घेऊन आली होती. एक हात पॉलिश मारलं आणि नव्यासारखा झाला. कुठल्या गावची, हे त्याने सांगितलं नाही. सोफा परत घ्या आणि त्यांना फोन लावा म्हटलं तर म्हणाला, “शादी में दी हुई चीज़ कोई लौटाता है क्या, भाभीजी?” मी उठले, रस्त्यापर्यंत चालत गेले. या वेळी मला हाक नकोच होती.

त्यानंतर मी सोफ्यावर बसले नाही. टीव्ही बघायची वेळ आली तर खाली चटईवर. नवरा दोनदा म्हणाला, वर बस. मग म्हणायचा थांबला. पण माझा खरा घोर वेगळाच होता. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि गोंदियाला ऑपरेशन ठरलं होतं. नंतरचे काही दिवस ते आमच्याकडे राहणार होते. आमच्याकडे आले की ते फक्त दिवाणावर बसत, गाठीवर अंगठा फिरवत बोलत. त्यांना मी काय सांगणार होते? तुम्ही हेलपाटे घालून मिळवलेलं लाकूड मी सांभाळू शकले नाही? नवऱ्याला विचारलं, “बाबांना काय सांगू?” तो म्हणाला, “त्यायचं काही नाही.” तो इतका निर्धास्त कसा, हे मला कळेना. मी मनात एक खोटं तयार ठेवलं आणि पुन्हा पुन्हा घोकलं.

बाबा आले. दारात चपला काढल्या, हॉलमध्ये नजर फिरवली आणि सोफ्याच्या अगदी काठावर बसले. मी पाणी दिलं आणि ते विचारायच्या आधीच म्हटलं, “दिवाण पॉलिशला दिलाय, बाबा.”

त्यांनी पाणी प्यायलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. “कायले खोटी बोलते, माय? मले मालूम आहे.”

“काय माहीत आहे?”

“दिवाळीच्या आधी जवायाचा फोन आला होता. पुसून राहिले होते, मामाजी, दिवाण देऊन टाकू का म्हणून. मी म्हणलो, तुमचीच वस्तू आहे, मले कायले पुसता.”

“तुमची म्हणजे कोणाची?”

“जवायाची. आंदण जवायालेच देत असते ना बाई. मांडवात साऱ्यायसमोर देल्लो होतो.”

माझा आवाज चढला असेल. मुलगी आतून येऊन दारात उभी राहिली. “झोळीचं झाड माझं होतं ना? गाठीची फळी तुम्ही माझ्यासाठी ठेवली ना? मग मला काय दिलं होतं तुम्ही?”

बाबांना प्रश्नच कळला नाही. ते समजूत घालावी तसं म्हणाले, “तुलेही त त्यायलेच देल्लो ना, माय.”

त्यांनी हे वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. भांडी, आलमारी, पंखा, दिवाण, आणि मी. मी इतकी वर्षं समजत होते की बाबांनी मला दिवाण दिला. त्यांनी दिवाण आणि मी, दोन्ही मिळून एकाच माणसाला दिलं होतं, आणि त्या माणसाने त्यातलं एक बदलून आणलं तेव्हा रीतीप्रमाणे देणाऱ्याला फोन करून विचारलंही होतं. रीत कुठे चुकलीच नव्हती. नवऱ्याशी मी भांडू शकत होते, तसं भांडलेही. इथे कोणाशी भांडायचं?

“आणि मंडईत?” मी विचारलं. “मी ओट्यावर बसून सांगत होते तेव्हा?”

“साऱ्या हासून राहिल्या होत्या. तूही हासत होती. मी कायले मधात बोलू?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरत रडले. सासूबाईंनी माझ्यापुढची विळी ओढून घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली. त्यांचं आंदण कुठे गेलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबांना मी सोफा ओढून पलंग करून दिला. पाठ भरते म्हणून पहिल्याच दुपारी ते खाली चटईवर आले. मग आम्ही बाप-लेक दोघं खाली आणि सोफा वर रिकामा, असं चाललं. डोळ्यात औषध टाकताना मी त्यांचं डोकं मांडीवर घ्यायचे. ते वर बघायचे, मी थेंब सोडायचे. त्या दिवसांत आम्ही जेवणाखेरीज फारसं बोललो नाही. मला त्यांचा राग होता आणि त्यांची काळजीही घ्यायची होती, दोन्ही एकाच हाताने.

जायच्या दिवशी मी आणि मुलगी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. ते काळा चष्मा लावून बाकावर बसले होते. मुलगी त्यांना चिटकून बसली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “धुऱ्यावर दुसरा साग आहे अजून. मोठा झाला. हिच्या लग्नाले तोडू. हिले त्याच्याहून मोठा दिवाण करू.”

त्यांच्या परीने ते मला भरपाई देत होते. मला ते कळत होतं.

“तोडू नका,” मी म्हटलं.

“काऊन?”

“तोडला की तो जावयाचा होतो, बाबा. उभा आहे तोवर हिला त्याच्याखाली बसता तरी येईल. तो हिच्यासाठी उभाच राहू द्या.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बाबांनी चष्मा नीट बसवला. चष्म्यामुळे डोळ्यांत काय होतं ते दिसलं नाही. मग म्हणाले, “मी त नाही म्हणत नाही, माय. पण शेत आता तुह्या भावाच्या नावावर आहे. त्याले पुसा लागेल.”

बस लागली. मी त्यांची पिशवी आत चढवली, औषधाची बाटली वरच्या खिशात ठेवली आणि दिवसातून किती वेळा टाकायची ते पुन्हा सांगितलं. मग मुलीचा हात धरून कुडव्याच्या ऑटोत बसले.